धर्ममाता

(पॅरिसचा राजवाडा. राजा गेल्यावर राणीने चाळीस दिवस काढायची खोली. खिडक्यांवर काळे पडदे, दार बाहेरून बंद, बाहेर पहारेकरी बर्त्रां. गार्सांद, तरुण विधवा राणी, पांढऱ्या वेषात. समोर ओदिएर्न, तिची सासू, मांडीवर एक तान्हं बाळ.)

ओदिएर्न : आणि दुधाचा वाडगा आजही तसाच परत पाठवलास म्हणे.

गार्सांद : बदामाचं दूध मला आवडत नाही, सासूबाई.

ओदिएर्न : तीन वर्षं बरं आवडत होतं.

गार्सांद : तीन वर्षं एमरी समोर बसलेले असायचे. त्यांना वाटायचं मला आवडतं. मग मी प्यायचे.

ओदिएर्न : माझा लेक गेला म्हणून मी काही जेवायची थांबले नाही. तुम्हा दक्षिणेकडच्यांना सगळं तेलात बुडवून द्यावं लागतं, तेव्हा घशाखाली उतरतं. इथं लोणी खातात आणि गप्प बसतात.

गार्सांद : पडदा थोडा सरकवू? नुसता बोटभर. नदी दिसेल.

ओदिएर्न : चाळीस दिवस पुरे झाले की बघ काय बघायची ती नदी.

गार्सांद : पोटात मूल आहे की नाही ते कळावं म्हणून ठेवतात ना चाळीस दिवस? मूल नाही, हे कधीच कळलंय. चादरी धुणाऱ्या बायकांना कळलं, म्हणजे निम्म्या पॅरिसला कळलं. तरी मी इथेच.

ओदिएर्न : दुखवटा पाळायला नको?

गार्सांद : दुखवटा मी पाळतेच आहे. त्याला बाहेरून कुलूप कशाला?

ओदिएर्न : जीभ मात्र चांगली चालते उपाशीपोटी. बरं, ऐक. गोतिए परवा लग्नाचं विचारायला येईल. सगळ्या सरदारांदेखत. तू मान हलवायची, बाकी सगळं मी बघते.

गार्सांद : एमरींच्या दफनाच्या दिवशी त्यांचाच घोडा मागून नेला त्यानं. स्वतःचा लंगडतो म्हणून. हा तो चुलतभाऊ.

ओदिएर्न : आता तो राजा आहे. घोडे त्याचेच.

गार्सांद : आणि मी?

ओदिएर्न : तुझ्या बापानं लग्नात तुला मिठागरं दिली, बंदर दिलं. तू माहेरी गेलीस की ते सगळं तुझ्याबरोबर जातं. गोतिएला समुद्राकडची वाट हवी आहे, तू त्या वाटेवर उभी आहेस. यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. राणीचं लग्न असंच ठरतं.

गार्सांद : त्याची बायको पेरोनेल जाऊन अजून महिनाही झाला नाही. बाळंतिणीचं अंथरूण काढायच्या आधी त्यानं मला लग्नाचं कापड पाठवलं. निळं. त्या पेटीवर ठेवलंय, पाहा.

ओदिएर्न : पाहिलं. कापड चांगलं आहे.

गार्सांद : पेरोनेल मला सांगायची, सासूबाई. दोघी तळ्याकाठी बसायचो तेव्हा. तो रागावला की तिला जेवणाच्या खोलीत यायची बंदी. सगळ्यांनी खायचं आणि हिनं दाराबाहेर उभं राहून ऐकायचं. पोटुशी असताना सुद्धा. मी त्या माणसाशी लग्न करणार नाही.

ओदिएर्न : नाही म्हणालीस तर दुखवटा लांबेल. तो म्हणेल, राणीचं दुःख मोठं आहे, अजून चाळीस दिवस राहू दे तिला. मग अजून चाळीस. लोक तुझं कौतुकच करतील.

गार्सांद : चुलतदिराशी लग्न धर्मात बसत नाही.

ओदिएर्न : पोपची परवानगी आली. काल रात्रीच माणूस आला घेऊन. चिखलानं भरलेला, पण हसत होता.

गार्सांद : आली?

ओदिएर्न : आली. आता रडू नकोस. रडून मी पण पाहिलंय याच पलंगावर.

गार्सांद : तुम्ही?

ओदिएर्न : मग काय, मी जन्मजात म्हातारी आहे? थोरले राजे शिकारीत गेले तेव्हा मी तुझ्याहून लहान होते. याच खोलीत बसवलं मला, हेच पडदे. चाळीस दिवसांनी बाहेर पडले ती थेट धाकट्या दिराशेजारी उभी राहिले. एमरी त्या दुसऱ्या लग्नाचा.

गार्सांद : सुखी होतात?

ओदिएर्न : राणी होते. ही घे, जरा धर हिला. माझा गुडघा धरलाय.

गार्सांद : ही... पेरोनेलची?

ओदिएर्न : तिचीच. मुद्दाम आणली. दाईला म्हटलं, तू खाली जाऊन चार घास खा, किल्लीवाल्या आन्येसलाही घेऊन जा सोबत, मी बघते. म्हटलं, तू एकदा हिच्याकडे बघावंस. आई नाही हिला. तू गोतिएची झालीस तर हिला आई मिळेल. कोणाचं तरी भलं होईल यात.

गार्सांद : तुम्हाला कुठे बोट ठेवायचं ते बरोबर कळतं.

ओदिएर्न : एवढी वर्षं दरबारात काढली ती काय विणकाम करून?

गार्सांद : किती हलकी आहे. नाव काय हिचं?

ओदिएर्न : नाव कुठलं? बाप्तिस्मा व्हायचाय अजून.

गार्सांद : अजून? आमच्याकडे मूल रडलं की त्याच दिवशी नेतात.

ओदिएर्न : इथंही नेतात. पण गोतिए आता राजा झाला ना. साधा पाद्री चालत नाही त्याला. रॅंसहून आर्चबिशपच हवा, दोन राजे धर्मपिते हवेत. तिकडे नद्यांना पूर आलाय, आर्चबिशप कुठल्याशा गावात अडकून पडलाय. राजवाड्यातला पाद्री रोज येऊन माझ्यापाशी कुरकुरतो. मी तरी काय करू? पोर धडधाकट दिसत होती.

गार्सांद : सासूबाई, एक मागू?

ओदिएर्न : माग की.

गार्सांद : हिची धर्ममाता मला होऊ द्या. बाप्तिस्म्याच्या वेळी मी हिला हातात धरेन. पेरोनेल माझी मैत्रीण होती, कोणाला नवल वाटणार नाही. त्या एका दिवसापुरतं मला या खोलीतून बाहेर न्या.

ओदिएर्न : अच्छा.

गार्सांद : एवढंच मागते.

ओदिएर्न : एवढंच? जी बाई मुलाची धर्ममाता होते, तिला त्या मुलाच्या बापाशी कधीच लग्न करता येत नाही. देवाच्या दारात ती दोघं नातेवाईक होतात, रक्तातल्यापेक्षा जवळची. हे शेतातल्या बाईलाही ठाऊक असतं, पोरी. मला मूर्ख समजू नकोस.

गार्सांद : समजत नाही. म्हणून तर तुमच्याकडे मागितलं. दुसऱ्या कोणाकडे मागणार?

ओदिएर्न : त्याला पोपची सूटही मिळणार नाही. कुठला राजा मागेल? मुलीच्या धर्ममातेला पलंगावर न्यायचंय म्हणून? पोरंटोरं हसतील.

गार्सांद : म्हणजे मी सुटेन. माझी मिठागरं घेऊन माहेरी जाईन, आणि या बाळाला दर वर्षी कपडे पाठवीन, खेळणी पाठवीन. मोठी झाली की बोलावून घेईन.

ओदिएर्न : आणि मला कुठे पाठवतील? तुला बाप्तिस्म्याला नेल्याचं कळलं की दुसऱ्या दिवशी माझं सामान बांधलं जाईल. नदीपलीकडचा ओलसर मठ ठरलेलाच आहे. गोतिए तोंडावर बोलला मला. 'काकू, तुमचं वय झालं, प्रार्थना करावीशी वाटत नाही का?' असं. हसत.

गार्सांद : म्हणजे तुम्हीही त्याच्या मुठीत आहात.

ओदिएर्न : सगळे कोणाच्या ना कोणाच्या मुठीत असतात. मी निदान बसायला जागा शोधली. तुझं मागणं विसरून जा. मी ऐकलंच नाही.

गार्सांद : सासूबाई.

ओदिएर्न : पुन्हा तेच नको.

गार्सांद : ते नाही. ही बघा. ओठ बघा हिचे.

ओदिएर्न : अंधारात मला काय दिसणार? इकडे आण.

गार्सांद : निळे पडलेत. मघाशी हात हलवत होती. आता हलवत नाही.

ओदिएर्न : पडदा ओढ. ओढ सगळा, जाऊ दे तो दुखवटा. उलटी कर तिला, पाठीवर थोपट. जोरात. घाबरू नकोस, मोडत नाहीत ती.

गार्सांद : काही नाही. श्वास नाही येत.

ओदिएर्न : बर्त्रां! दार उघड. दाईला बोलव, पाद्र्याला बोलव.

पहारेकरी : राणीसाहेब, किल्ली आन्येसबाईंकडे असते. त्या खाली गेल्यात.

ओदिएर्न : मग पळ. उभा काय राहिलास?

पहारेकरी : दार सोडायचं नाही अशी राजांची सक्त ताकीद आहे. मी हाक मारतो. आन्येसबाई! अहो आन्येसबाई!

गार्सांद : कोणी येणार नाही वेळेवर. सासूबाई, बाप्तिस्मा झाला नाही हिचा. अशीच गेली तर आईजवळही नाही पोचणार. स्वर्गाच्या दाराबाहेरच राहील.

ओदिएर्न : मला माहीत आहे.

गार्सांद : पाणी तुमच्याजवळ आहे. त्या सुरईत. मरत्या मुलाला कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, पाद्री लागत नाही. तुम्ही ओता. लवकर.

ओदिएर्न : मी?

गार्सांद : तुम्हीच. पाणी ओतणारीच धर्ममाता ठरते. मी ओतलं तर लोक म्हणतील, हिनं पोराच्या जिवावर स्वतःची सुटका करून घेतली. मला तसं नको आहे. मघाशी मागितलं ते सोडून द्या. मी करते लग्न, परवा मान हलवते, पण हिला आधी बाप्तिस्मा द्या.

ओदिएर्न : माझे हात थरथरतात.

गार्सांद : सासूबाई, वेळ नाही हो.

ओदिएर्न : थरथरतात म्हणते ना. सुरई सुद्धा धरवत नाही. घे ही. तू ओत.

गार्सांद : तुम्हाला ठाऊक आहे ना, मी ओतलं तर काय होतं ते?

ओदिएर्न : कपाळावर ओत. नाव घे, आणि शब्द नीट म्हण, एकही गाळू नकोस. मोठ्यानं म्हण. बर्त्रांला ऐकू गेलं पाहिजे.

गार्सांद : पेरोनेल, मी तुला बाप्तिस्मा देते. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं.

ओदिएर्न : आमेन. आता तोंडात बोट घाल तिच्या. घशात काही अडकलंय का बघ.

गार्सांद : दूध आहे. घट्ट झालेलं. निघालं.

ओदिएर्न : पुन्हा पालथी कर. थोपट. अजून.

गार्सांद : सासूबाई.

ओदिएर्न : थांबू नकोस.

गार्सांद : सासूबाई, रडतेय ही.

ओदिएर्न : ऐकते आहे मी. रडू दे. चांगली घसा फुटेपर्यंत रडू दे. तू कशाला रडतेस तिच्याबरोबर?

गार्सांद : मला वाटलं, गेली.

ओदिएर्न : मलाही वाटलं. बर्त्रां!

पहारेकरी : जी, राणीसाहेब. आन्येसबाई जिना चढतायत.

ओदिएर्न : तू आत्ता काय ऐकलंस?

पहारेकरी : बाळराजकन्येचा बाप्तिस्मा झाला, राणीसाहेब. ऐकलं मी. गुडघ्यावर बसलो होतो.

ओदिएर्न : कोणी दिला?

पहारेकरी : धाकट्या राणीसाहेबांनी. त्यांचाच आवाज होता. पेरोनेल नाव ठेवलं.

ओदिएर्न : राजांनी विचारलं तर?

पहारेकरी : जे ऐकलं तेच सांगेन. बाप्तिस्म्याबद्दल खोटं बोलायला मी काय पाखंडी आहे?

ओदिएर्न : शहाणा आहेस. झालं, गार्सांद. एकदा झालेला बाप्तिस्मा पुन्हा होत नाही. आता आर्चबिशप येवो नाहीतर खुद्द पोप येवो, या पोरीची धर्ममाता तू. गोतिए आदळआपट करील, तुला अजून आठवडाभर इथं ठेवील, पण लग्न करू शकणार नाही. मग मिठाच्या गाड्यांवर बसून जा आपल्या तेलकट देशात.

गार्सांद : आणि तुम्ही?

ओदिएर्न : मठात म्हणे बागेत चांगले कोबी येतात.

गार्सांद : सासूबाई, तुमचे हात थरथरत नव्हते.

ओदिएर्न : नव्हते.

गार्सांद : मग का?

ओदिएर्न : माझ्या दिरालाही तान्ही मुलगी होती. पहिल्या बायकोची. मी इथंच, तू बसतेस तिथं बसून, माझ्या सासूच्या पाया पडले होते. म्हटलं, मला तिची धर्ममाता होऊ द्या, एवढंच मागते. त्या काय म्हणाल्या, ते मघाशी तू ऐकलंसच.

गार्सांद : 'मला मूर्ख समजू नकोस.'

ओदिएर्न : आज तुझ्याशी जे जे बोलले ते सगळं त्यांचंच होतं, शब्दन्‌शब्द. बोलताना मला त्यांचाच आवाज ऐकू येत होता. मला वाटायचं, राणी झाल्यावर बाई असंच बोलते.

गार्सांद : तुम्ही माझ्याबरोबर चला दक्षिणेला.

ओदिएर्न : तेलात शिजवलेलं खायला? जाऊ दे. आली बघ आन्येस, किल्ली वाजतेय.

गार्सांद : हिला घ्या तुमच्याकडे. माझे हात थरथरायला लागलेत.

ओदिएर्न : थरथरू देत. घट्ट धर तिला. दार उघडेल तेव्हा पोर तुझ्याच हातात दिसली पाहिजे.