सगळ्यायच्या मागून मले

...नाई, बिमारी येते, आंग हाये त बिमारी येनारच, त्याचं काई नाई. पन सगळ्यायच्या मागून मले काहून समजाव हो? मी नवरा हाये, तेहतीस वर्सं झाले लग्नाले. आमच्या विजयमालाच्या छातीत पाच महिन्यापासून गाठ, अन् मले कोन सांगते, त किशन जीपवाला. तुमाले सांगतो, रिसोडहून हरबऱ्याचं बियानं घेऊन जीपमंदी बसलो, अन् हा आरशातून इचारते, "रामकिसनभाऊ, वयनीची गाठ दाखवली काय मंग?" म्या म्हटलं, कोन्ती गाठ? त्यानं आरसाच दुसरीकडं फिरवला, अन् आमचं गाव येईपर्यंत हार्नबी वाजवला नाई.

घरी येऊन पायतो, त सून उज्ज्वलाले ठाव. मालेगावच्या साळीले, विजयमालाच्या बहिनीले, ललिताबाईले ठाव, तिनंच त किशनले सांगतलं. आपल्याच घरचे हो. रोज मले च्या देऊन राह्यल्या, पोहे देऊन राह्यल्या, अन् पाच महिने तोंडातून एक शबुद नाई.

दुसऱ्याच दिवशी अकोल्याले नेलं. तुकडा काढून तपासाले पाठवला, आठ दिवसानं डाक्टरीनबाई म्हणे, "काका, कॅन्सर आहे." काईतरी इचाराव म्हणून इचारलं, बाई, बाकी आंग नरम, मंग हे गाठच अशी गोट्यावानी टनक काहून? तिनं कागदावर जाळं काढलं. "पेशींच्या भोवती कोलॅजनसारख्या प्रथिनांचं जाळं असतं, ते पेशींना जागेवर धरून ठेवतं. कॅन्सर काय करतो, शेजारच्या चांगल्या पेशींना आपल्या बाजूनं वळवतो, त्यांच्याकडून जास्तीचं कोलॅजन विणून घेतो. जाळं कडक होतं, धागे सरळ होतात, आणि त्याच धाग्यांवरून कॅन्सरच्या पेशी बाहेर सरकतात."

म्हंजे, धरून ठेवाले ज्यायले बसवलं, त्यायनंच रस्ता करून देल्ला?

"तसंच समजा," म्हणे.

पाहा, आतबी आपल्याच घरचे हो! म्या म्हटलं, बाई, हे कोलॅजन बंदच करून टाका, मटन सोडतो, घरात येऊ देत नाई. ते हासली. "काका, ते खाण्यातून नाही येत, शरीर स्वतःच बनवतं. आणि सगळंच बंद केलं तर कातडी कशावर राहील, हाडं कशावर राहतील?" झालं. काढताबी येत नाई अन् भरोसाबी नाई. मी कागद घडी करून खिशात ठेवला.

मंग आपरेशन झालं. गाठ निंगाली, भोवतालचे काठ साफ आले, काखेतल्या एका बारक्या गाठीत मात्र कॅन्सर घुसला होता, म्हणून हे किमो. चार झाले, चार बाकी. केस गेले तिचे.

आज इथं येता येता म्या इचारूनच टाकलं. म्हटलं, साऱ्यायले सांगतलं, मले काहून नाई? तिनं रुमाल बांधता बांधता सांगतलं, "तुमाले सांगतलं असतं त सांजेपर्यंत साऱ्या गावाले समजलं असतं. मले थोडे दिस एकटीनंच भ्यायचं होतं."

लय लागलं हो मले. आपल्याच घरचे... ते आत गेली, सलाईन लागली, तीन तास म्हणे. मी या बाकड्यावर येऊन बसलो, अन् पाहा न, तुमचं नावबी इचारलं नाई अजून, अन् सारं सांगून बसलो.

तिचं काई चुकलं नाई.