सोन्याच्या पदकाची होडी

मोर्च्यामुळे प्रभादेवीला बस अडली होती. स्टॉपवरच्या रांगेत माझ्यापुढे वरळी कोळीवाड्यातला एक नाखवा, हातात एका होडीचं छापील चित्र घेऊन, आणि त्याची मासळी विकणारी बायको उभी होती.

“यशोदे, नवी होडी या चित्रासारखी बांधू. ही एका गोऱ्या साहेबानं स्वतः आखली, स्वतः हाकली नि ऑलिंपिकचं सोन्याचं पदक जिंकलं. पुढं जन्मभर राजेरजवाड्यांना होड्या आखून दिल्या.”

“मासळी किती आणली?”

“मासळी नाय गं, शर्यत!”

“मग गेला कुठं?”

“निघाला तिथंच परत आला. सगळ्यांच्या आधी.”

“ते बरं. पहिल्या होडीवरच गिऱ्हाईक तुटून पडतं.”

“मग बांधू?”

“हिच्यात मासळी ठेवायची कुठं?”

“जागाच नाय. म्हणून तर पळते!”

“बांधा मग. मासळीच्या पाटीत तुम्हालाच बसवून विकते. सगळ्यांच्या आधी याल, म्हणजे ताजे तर असालच!”