ओल्या कपड्यांत दोन तास

(सिडनी, क्वेकर्स हिल. ऑगस्ट २०२१, लॉकडाऊनचा आठवा आठवडा, दुपारचे तीन. शिकारीचे कपडे बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत टेस्टिंगचं काम करणारा हृषिकेश आणि दीड वर्षापूर्वी सहा आठवड्यांसाठी आलेली त्याची आई वासंती, घराच्या गॅरेजमध्ये. हृषिकेशची बायको चारुता आणि त्यांची छोटी मुलगी स्पृहाही याच घरात राहतात. मधे इस्त्रीचं टेबल, त्यावर कपड्यांचा ढीग.)

हृषिकेश : मला फक्त एवढंच सांग आई. पाणी कोमट होतं की गरम?

वासंती : चांगलं कढत होतं. कोमट पाण्याने काय मरतंय?

हृषिकेश : आणि डेटॉल?

वासंती : दोन झाकणं. चारुता हॉस्पिटलच्या लॅबमधून आली की तिच्या कपड्यांना घालते तेवढंच. हळू बोल, स्पृहा आत्ताच झोपलीय.

हृषिकेश : हळूच बोलतोय. आणि मग ड्रायरमध्ये टाकलेस.

वासंती : बाहेर वाळत घातले असते तर ती शेजारची लीना परत पोलिसांना फोन करायची. मिलिटरीची माणसं घरात घुसलीत म्हणून.

हृषिकेश : मिलिटरीचे नाहीत ते, शिकारीचे आहेत. कितीदा सांगू? हा बघ, हा आतला बनियन. शुद्ध मेरिनो लोकर. परवापर्यंत मला होत होता. आता स्पृहाला दोन वर्षांनी होईल.

वासंती : लोकर आटते थोडी. ओली करून ताणून ठेवली की येते सरळ.

हृषिकेश : ही नाही येत. हे मधलं जॅकेट, ह्याच्यातलं भरण बघ. गोळे होऊन सगळं कमरेशी उतरलंय. सगळ्यात वरच्या जॅकेटवरून पाणी ओघळून जायला हवं, ते आता पितंय. चार थर होते, आई. चारही एका बादलीत.

वासंती : एकोणीस दिवस तेच अंगात घालून बसत होतास. गॅरेजचं दार उघडवत नव्हतं.

हृषिकेश : वास यायलाच हवा होता. एकवीस दिवस न धुता वापरायचे, तीच तर टेस्ट. डोंगरात आठ-दहा दिवस फिरणारा माणूस धुणं कुठे लावणार आहे? मी हँगरला मराठीत चिठ्ठी लावली होती. 'धुऊ नये.' तुझ्यासाठी मराठीत.

वासंती : वाचली मी.

हृषिकेश : वाचलीस आणि तरी भिजवलेस.

वासंती : परवा तो पोलीस आला होता ना. मी किचनच्या खिडकीतून बघत होते. मास्क हनुवटीवर. तुझी बाही धरून चांगली चोळून बघितली त्याने.

हृषिकेश : कापड बघत होता. 'गुड गिअर, मेट' म्हणाला.

वासंती : काय म्हणायचं ते म्हणू दे. हात लावला की नाही? घरात दीड वर्षाचं पोर आहे.

हृषिकेश : मग मला विचारायचंस. एक मिनिट थांब, ऑफिसातून दत्ताचा फोन. स्पीकरवर घेतो, ह्या फोनचं दुसरं काही चालत नाही. बोल दत्ता.

दत्तप्रसाद : हृषी, मेट, रिपोर्ट कुठे अडकलाय? प्रिंटरवाला पाचला शटर ओढतो. टॅगवरच्या त्या एका ओळीसाठी अख्खं प्रॉडक्शन माझ्या डोक्यावर बसलंय.

हृषिकेश : एकोणीस दिवसांचा पाठवतो. शेवटची टेस्ट झाली नाही आणि आता होणारही नाही.

दत्तप्रसाद : कुठली शेवटची?

हृषिकेश : ओली. आज पहाटे करणार होतो. तांदळाचं वीस किलोचं पोतं पाठीवर घेऊन जिन्याच्या शंभर फेऱ्या, घाम निघेपर्यंत. मग होज पाइपने वरून भिजायचं आणि अंगणात दोन तास न हलता बसायचं. पण सॅम्पलची वाट लागलीय. कशी ते विचारू नकोस.

दत्तप्रसाद : दुसरा सेट?

हृषिकेश : कंटेनरमध्ये. कंटेनर सिंगापूरला, गेला महिनाभर.

दत्तप्रसाद : मग 'पास' लिही ना यार. एकोणीस दिवस मस्त गेलेत, एका टेस्टसाठी काय ताणतोस? आपण स्नोवी माउंटन्सला जाणारच होतो, हॉटेलपण बुक होतं. पाच किलोमीटरच्या बाहेर सोडत नाहीत ही काय आपली चूक आहे?

हृषिकेश : टॅगवर काय छापताय?

दत्तप्रसाद : 'फील्ड टेस्टेड, वेट ऑर ड्राय.'

हृषिकेश : फील्ड म्हणजे आमचं मागचं अंगण. आणि वेट तर झालंच नाही.

दत्तप्रसाद : सगळेच असं लिहितात रे.

हृषिकेश : गेल्या वर्षी मीही लिहिलं होतं.

दत्तप्रसाद : तो माणूस वाचला, हृषी. किती दिवस तेच धरून बसणार आहेस?

हृषिकेश : दोन बोटं गेली त्याची.

दत्तप्रसाद : ओके. ऐक, मी मित्र म्हणून सांगतो. इथे कायम राहायच्या तुझ्या पीआरचं स्पॉन्सर लेटर बॉसच्या टेबलावर पडलंय. हा सीझन गेला तर बॉस राहील की टेबल राहील, मलाही माहीत नाही. साडेचारपर्यंत पाठव. नो वरीज, मी पुढचं बघतो. काकूंना नमस्कार सांग.

वासंती : ऐकलं मी, दत्तप्रसाद. नमस्कार.

दत्तप्रसाद : ओह. सॉरी काकू. ठेवतो.

वासंती : बोटं गेली म्हणजे रे?

हृषिकेश : तू जा आत. मला लिहायचंय.

वासंती : मी काय विचारतेय?

हृषिकेश : एक माणूस व्हिक्टोरियाच्या डोंगरात हरणांच्या मागे गेला होता. आमचंच जॅकेट घालून. दिवसभर चढला, आतून घामाने चिंब. मग टेकाडावर बसला, हरीण येईपर्यंत हलायचं नसतं. त्यात बर्फाचा पाऊस आला. तरी बसून राहिला, कारण टॅगवर लिहिलं होतं की ओलं झालं तरी ऊब राहते. नाही राहिली. दुसऱ्या दिवशी सापडला, दोन बोटं गारठून मेलेली.

वासंती : आणि ते तू लिहिलं होतंस?

हृषिकेश : लॅबच्या मशीनवर पास झालं होतं. मी स्वतः अंगात घालून बसलोच नव्हतो. सगळ्यांना घाई होती, म्हटलं आपण कशाला अडवा. म्हणून ह्या वेळी ठरवलं होतं की स्वतः भिजून बसल्याशिवाय सही करायची नाही. एकोणीस दिवस पहाटे चारला उठलो, आई. शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले, चारुता बोलेनाशी झाली, गुडघे गेले. आणि तू दोन झाकणांत सगळं बुडवलंस.

वासंती : चुकलंच माझं.

हृषिकेश : चुकलं म्हणून काय होतंय? सही नाही केली तर नोकरी जाईल. नोकरी गेली की साठ दिवसांत व्हिसासाठी दुसरी कंपनी, दुसरा स्पॉन्सर शोधा, नाहीतर गाशा गुंडाळा. सध्या कोण स्पॉन्सर करतंय? मला इतका राग आलाय तुझा की तुझ्याकडे बघवत नाहीये.

वासंती : नको बघूस. नुसतं ऐक.

हृषिकेश : आता काय ऐकू?

वासंती : मी इथे अडकल्यापासून रोज बाबांना फोन करायचे. दूध आणायला खाली उतरलात, आल्यावर कपडे भिजवले का? हो. मास्क लावला होता? हो. हात धुतले? हो. रोज तीन हो ऐकायचे आणि कामाला लागायचे.

हृषिकेश : माहितीये मला.

वासंती : सगळं माहीत नाही. मे महिन्यात ते गेल्यावर खालच्या श्यामलावहिनींचा फोन आला. म्हणाल्या, अहो, ते तर रोज दोन-दोन तास पारावर गप्पा मारत बसायचे, मास्क खिशात. सगळ्या चिंचवडला माहीत होतं, मला सोडून.

हृषिकेश : कपडे भिजवून काही फरक पडला नसता.

वासंती : ते कळतं रे मला. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय. बादलीचं नाही सांगत मी. ते एकदा जरी 'नाही' म्हणाले असते ना, तर मी भांडले असते. तुझ्या मामाला त्यांच्याकडे राहायला पाठवलं असतं. दूधवाल्याला वर चढायला लावलं असतं. काहीतरी केलं असतं. मला वाईट वाटू नये म्हणून ते हो म्हणत राहिले आणि त्या 'हो'वर मी इथे निवांत बसले.

हृषिकेश : तू कधी बोलली नाहीस हे.

वासंती : कुणाशी बोलू? तू अंगणात पुतळ्यासारखा बसलेला.

हृषिकेश : आता ऐकतोय. बोल.

वासंती : मला नाही पटत हरणं मारणं. पण हे जॅकेट जो घेईल त्याचीही घरी कुणीतरी असेल. ती तो टॅग वाचेल आणि म्हणेल, चला, काळजी नाही.

हृषिकेश : आणि आपण? चारुता, स्पृहा, तू?

वासंती : आपलं काय होईल ते मला खरंच माहीत नाही. भीती मलाही वाटते.

हृषिकेश : तो लॅपटॉप दे इकडे.

वासंती : घे. पाणी आणू?

हृषिकेश : नको. बस. वाचून दाखवतो. 'एकोणीस दिवस रोज वापर केला. सर्वात कमी तापमान चार डिग्री. कोरडे असताना कपड्यांची ऊब चांगली. घामाने आणि पावसाने ओले झाल्यावर बसून राहण्याची चाचणी झालेली नाही. त्याबद्दल मी काहीही सांगू शकत नाही. टॅगवर तसं छापू नये.'

वासंती : सही?

हृषिकेश : केली. आता फक्त चाचणी का झाली नाही ते लिहायचं. 'घरच्या ड्रायरमध्ये अचानक बिघाड झाल्याने कपडे निकामी.'

वासंती : ड्रायर कधी बिघडला?

हृषिकेश : असू दे गं. एवढं चालतं. तिथे कोण तपासणार आहे? तुला कशाला उगाच त्यात ओढायचं?

वासंती : ड्रायर चांगला चाललाय, हृषी. माझं नाव लिही.