गिटारची फळी

तासगावहून मिरजेला जाणाऱ्या एसटीत माझ्या पुढच्या बाकावर एक निवृत्त सुभेदार आणि एक वाद्यं बनवणारे कारागीर बसले होते; सुभेदारांच्या मांडीवर लाकडाची एक फळी होती.

"नातीच्या छोट्या गिटारसाठी फळी पातळ करत हुतो. घासायचं मशीन लावलं, तर भोकच पडलं."

"मशीन कशाला, सुभेदार? आदी रंधा मारायचा, मग फुटक्या काचेनं हळूहळू खरवडायचं."

"काच? आमी तोफा चालवल्यात."

"म्हणूनच भोक पडलं. लाकूड मातर लय मुरलेलं हाय. कुठलं?"

"आमच्या हिच्या पोळपाटाचं."

"वैनींना कळलं न्हाई?"

"अजून न्हाई. चपाती नको म्हणून आठ दिस भाकरीच मागून खातोय."

"आवं, परवा बेंदूर. पुरणपोळ्या कशावर लाटणार?"

"म्हणून तर तुमाला गाठलं. ह्याचा परत पोळपाट हुईल का?"