अखंड गठ्ठा

टकळी : ...तर आमच्या टीमचे सगळे तयार आहेत, गुरुजी. आता अडलंय ते फक्त तुमच्या होकारावर.

गुरुजी : माझ्यावाचून अडतं म्हणायचं तुमचं! आधी त्या खुर्चीवरचं मशीन खाली ठेव आणि बस. इतकी वर्षं फोनवर नुसती टकळी ऐकली, माणूस आज बघतोय.

टकळी : बसते, पण विषय बदलायचा नाही हं. आपली ऑपरेटिंग सिस्टम एकाच गठ्ठ्यात जाते. घरात प्रिंटर नाही त्याच्याही गळ्यात प्रिंटरचा भाग मारायचा. हे कुठवर? सुटी पाकिटं करू, ज्याला जे हवं ते तो घेईल.

गुरुजी : आणि पाकिटांचं आपसात पटलं नाही की? एक नवं, एक जुनं, एक अर्धवट. गठ्ठा कसा, एकत्र बांधलेला, एकत्र तपासलेला. बिघडलं तर कुठे बघायचं ते कळतं.

टकळी : आणि एवढ्याशा दुरुस्तीसाठी सगळा गठ्ठा बदलायचा? परवा त्या दवाखान्यात नुसता घड्याळाचा भाग दुरुस्त करायचा होता, तर अख्खं मशीन बंद ठेवावं लागलं. पेशंट बाहेर ताटकळत. घड्याळाचं पाकीट वेगळं असतं तर?

गुरुजी : चुटकीसरशी झालं असतं.

टकळी : मग?

गुरुजी : मग काही नाही. पाणी हवं का तुला?

टकळी : नको. तुमच्याकडे उत्तर नाही आणि तरी होकार नाही. असे नव्हतात तुम्ही. आमच्या कोडमध्ये चूक दिसली की फाडून खायचात.

गुरुजी : अगं, गठ्ठा आहे तोवर सगळ्यांचं एकमेकांवाचून अडतं. एकाचं बिघडलं की सगळ्यांचं खोळंबतं, मग झक्कत बोलावं लागतं. पाकिटं झाली की ज्याने त्याने आपल्यापुरतं बघायचं. माझ्या पाकिटाला कोण हात लावणार? गेल्या शुक्रवारी सगळ्यांचे भाग जोडून गठ्ठा बांधताना बांधणी मोडली, तेव्हा फोन वाजला. त्याआधी वाजला तो आदल्या शुक्रवारी. मधे या घरात आवाज म्हणजे त्या फ्रिजचा. एकटं वाटतं गं, दुसरं काय.

टकळी : बांधणी दर शुक्रवारी मोडते. आणि दर वेळी तुमच्याच भागात. एखादी फाइल गायब असते.

गुरुजी : वय झालं. होते नजरचूक.

टकळी : नजरचूक वार बघून होत नाही हो.

(गुरुजी उठून फ्रिजचं दार उगाच उघडून पुन्हा लावतात.)

गुरुजी : कोणाकोणाला माहीत आहे?

टकळी : सगळ्यांना. आधी जाम चिडले होते. मग आम्हीच ती फाइल परस्पर जागेवर ठेवायला लागलो.

गुरुजी : परस्पर? मग फोन कशाला करत होतात? "गुरुजी, अडलंय, सांगा ना काय करू" म्हणून?

टकळी : ड्यूटी लावली होती. दर शुक्रवारी एकाने करायचा.

गुरुजी : ड्यूटी! आणि मी दीडशहाणा तासभर समजावत बसायचो. आधीच दुरुस्त झालेलं!

टकळी : मी मन लावून ऐकायचे. खरंच.

गुरुजी : कीव नको आता. लाज वाटायची ती वाटली. दे तो लॅपटॉप इकडे. होकार कुठे द्यायचा?

टकळी : इथे. पण रागाच्या भरात देऊ नका.

गुरुजी : राग कसला? दवाखान्याचं तुझं बरोबर आहे. आजारी माणसं दारात उभी, का, तर म्हाताऱ्याला फोन यावा. छे! हे घे, दिला. फोडा गठ्ठा.

टकळी : दिलात?

गुरुजी : दिला म्हणतो ना. सुटलात सगळे ड्यूटीतून. ...आज कोणाची होती?

टकळी : आज मंगळवार आहे, गुरुजी. आज कोणाचीच नसते.

गुरुजी : मग लगेच उठू नकोस.