काठीवरचं लाल कापड

आदरणीय अध्यक्ष स्किपर गार्लंड, व्यासपीठावरचे मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती श्री. लिअँडर ब्रॉफी, आणि या खाडीकाठच्या माझ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनो,

सत्कारमूर्तींच्या गाण्याला पन्नास वर्षं झाली, तेव्हा 'गाण्यातल्या डल्सी'ने दोन शब्द बोलावेत, असा समितीचा आग्रह. शेवटच्या कडव्यात ही डल्सी प्रेमापायी कड्यावरून उडी घेते. गुडघ्यांमुळे मला पायऱ्या चढायला अंमळ वेळ लागला, पण मेलेल्या बाईकडून आणखी काय अपेक्षा करणार?

सत्कारमूर्ती एक उन्हाळा आमच्या घरी राहिले. माझ्या हातचे खारवलेले मासे खाताना नाक मुरडायचे. शहरातला माणूस, चालायचंच. गाण्यात माझा नवरा अँब्रोज बायकोला कोंडून ठेवणारा राक्षस आहे. त्या राक्षसाने यांना होडी वल्हवायला शिकवली. आणि पहिल्याच दिवशी धक्क्यावर बजावलं, "हे बघ बाळा, कुणाच्याही दारच्या काठीवर लाल कापड दिसलं, की हातातलं टाकायचं आणि खाडीपलीकडून डॉक्टर आणायचा. मग ते घर वैऱ्याचं का असेना."

सत्कारमूर्ती हसले. "आणि कुणी परकर वाळत घातला असला तर?"

"इथे लाल परकर घरातच वाळतात," अँब्रोज म्हणाला.

त्याच उन्हाळ्यात, ऑगस्टात, अँब्रोज मासेमारीला लांब गेलेला, आणि आमच्या चार वर्षांच्या ऊनाचा घसा सुजून बंद व्हायला लागला. मी काठीवर लाल कापड चढवलं. त्या दिवशी धुकं नव्हतं. तरी कुणी आलं नाही, आणि संध्याकाळी ऊना गेली. सत्कारमूर्ती सकाळीच आमची होडी घेऊन निघाले होते, ते परतलेच नाहीत. होडी पलीकडे सापडली, डॉक्टरांच्या दवाखान्याखालच्या धक्क्याला बांधलेली. आम्हाला वाटलं, बिचारा कापड चढवण्याआधीच गेला असेल.

मग रेडिओवर गाणं आलं. तिने माझ्यासाठी लाल निशाण उभारलं, पण परक्याची बायको म्हणून मी मान फिरवून होडी हाकली, असं काहीसं. या ओळीला तुम्ही सगळे डोळे पुसता, मी पाहिलंय. अँब्रोजने हातातला पाव खाली ठेवला.

"डल्सी," तो म्हणाला, "म्हणजे कुणीतरी पाहिलं होतं."

दारूच्या गुत्त्यात लोक त्याला थट्टेने राक्षस म्हणायचे, तो हसून घ्यायचा. गेल्या हिवाळ्यात तोही गेला. आता त्याच्यासाठी विचारणारी मी एकटीच उरले.

लिअँडर, तुम्हाला बोलवायचं असतं तर मी हाक मारली असती. माझा आवाज चांगला खणखणीत आहे. लाल कापडाचा अर्थ तेव्हा तुमच्या लक्षात होता की नव्हता? गाणं नंतर म्हणा, आधी या माईकवर एवढंच सांगा.

समितीने बोलायची संधी दिली, त्याबद्दल आभार. माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर सभेने ते मोठ्या मनाने सोडून द्यावं. यांनी मात्र उत्तर दिल्याशिवाय ही खुर्ची सोडू नये.