धाकटीचा गळा

धाकट्या जावेचा ड्रेस शिवून तयार होता, म्हणून दोघी जावा शिंप्याकडे आल्या होत्या. मास्टर मान खाली घालून काज करत होते, कान मात्र उघडे होते.

"दुसऱ्याचं बघून पोटात दुखतं, ती एन्व्ही. आपलं कुणी पळवेल म्हणून पोटात गोळा येतो, ती जेलसी."

"म्हणजे दोन्ही पोटातच की, ताई."

"मला मेलं दोन्हीतलं काही होत नाही."

"मला तरी कुठे होतं?"

धाकटी ड्रेस घालून बघायला पडद्याआड गेली. थोरली मास्टरांजवळ सरकली.

"तिचा गळा छान झालाय. माझाही तस्साच करा, फक्त तिला सांगू नका."

"नाही जमणार, बाई. त्यांनी कालच बजावलंय, हा गळा दुसऱ्या कुणाला शिवायचा नाही. तुम्हाला तर नाहीच."